मदत हवी आहे: शाळा मुलांना कूपन विकायला लावते, लेखी हरकत कोणाकडे घ्यावी?

सिंधुदुर्गातली खासगी अनुदानित शाळा, मुलगी सहावीत. छप्पर दुरुस्तीसाठी प्रत्येक मुलाला लकी ड्रॉच्या कूपनांचं पुस्तक आणि अगरबत्तीचे पुडे दिलेत. जे खपणार नाही त्याचे पैसे पालकांनी भरायचे. परिपाठात विक्रीत मागे राहिलेल्यांची नावं वाचतात, ते मनाला सगळ्यात जास्त लागतं. वाडीत घरटी एक मूल याच शाळेत, मग विकणार कोणाला? गणपतीला आलेल्या चाकरमान्यांच्या मागे पोरं पुडे घेऊन फिरली. शेवटी भुर्दंड आमच्यावरच.

छप्पर व्हायलाच हवं, इथला पाऊस आम्हालाही माहीत आहे. पावती मिळाली तर थेट देणगी द्यायची तयारी आहे, तसं मुख्याध्यापकांना सांगितलंही. "संस्थेचा निर्णय आहे" एवढंच उत्तर. लेखी परिपत्रक मागितलं, मिळालं नाही. पालक सभेत बाकीचे गप्प, मुलांना त्रास होईल म्हणून. जवळ दुसरी शाळा नाही, त्यामुळे "शाळा बदला" हा सल्ला नको.

शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १३ मध्ये कॅपिटेशन फीला (ठरलेल्या फीव्यतिरिक्त घेतलेल्या पैशांना) बंदी आहे आणि व्याख्येत देणगी, वर्गणीही येते. पण ते प्रवेशापुरतंच, की अशा सक्तीच्या विक्रीलाही लागू? अर्ज आधी शाळा व्यवस्थापन समितीला द्यावा की थेट गटशिक्षणाधिकाऱ्यांना? आणि कोणाच्या शाळेने विक्री बंद करून माजी विद्यार्थ्यांकडून किंवा मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाकडून निधी उभा केला असेल, तर तो विषय संस्थेपुढे कोणी आणि कसा मांडला?