डिफेनबेकिया आणि घरात नवा बोका

गच्चीवरची
आईने दिलेला डिफेनबेकिया हॉलमध्ये छातीएवढा वाढलाय. आता बोक्याचं पिल्लू आणलंय आणि ते दिसेल ते पान चावतं. नर्सरीवाला म्हणतो, झाड विषारी आहे. आईचं झाड टाकून देववत नाही. काय करू?

कुंडीतली माती
टाकू नका. अळू खाजतं ना, त्याच कुळातलं आहे हे. पानात, खोडात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. चावलं की जिभेत, हिरड्यांत घुसतात. मग लाळ गळते, मांजर पंजाने तोंड ओरबाडत बसतं. सहसा जिवावर बेतत नाही, पण घसा सुजला तर श्वास अडकू शकतो.

छातीएवढं म्हणजे खाली उघडं खोड आणि वर झुपका असणार. शेंडा कापून वेगळा लावा, उरलेल्या खोडाचे दोन-तीन पेरांचे तुकडे करून मातीत आडवे ठेवा, रुजतात. हातमोजे घालूनच कापा. चीक डोळ्यात गेला तर फार आग होते. सुरी लगेच धुवा. लहान रोपं छताच्या हुकाला टांगा. फडताळावर नको, तिथे बोका तुमच्या आधी पोचेल. पिवळं पान गळायची वाट न बघता काढा. पाणी बेतानं, माती वरून सुकली की.

बोक्यासाठी ताटलीत गहू पेरा, घटाला पेरतो तसे. आमची गव्हाचं गवत आवडीने खाते, पण मनीप्लँटकडेही बघतेच. म्हणून तोही वर गेला. (तोही अळवाच्याच कुळातला चोर.)

सोनचाफा_७२
खरी भीती लिलीची. पुष्पगुच्छातली लिली, तिचे परागकण, फुलदाणीतलं पाणीसुद्धा मांजराची किडनी निकामी करू शकतं. चाटल्याचा नुसता संशय आला तरी तडक डॉक्टर गाठा. कुत्रा असेल तर सायकस हे पामसारखं दिसणारं शोभेचं झाडही नको, त्याच्या बिया यकृतावर जातात.

गच्चीवरची
घरात पीस लिली आहे! तीही?

कुंडीतली माती
नावातच लिली. ती अळवाकडची, म्हणजे तोंड सुजेल, किडनीला धोका नाही. तरी वर टांगा.

गच्चीवरची
आणि डिफेनबेकिया चावलाच तर?

कुंडीतली माती
ओल्या फडक्याने तोंड पुसा, पाणी प्यायला द्या. उलटी करवायला जाऊ नका, घसा पुन्हा सोलवटतो. चावलेलं पान पिशवीत घालून डॉक्टरकडे न्या, झाडाचं नाव आठवत बसावं लागत नाही.