रोलचा कॅमेरा चांगला होता, की आपण तरुण होतो?

क्लिकवाले_अण्णा:
१९७४ साली मामाने आगफा क्लिक थ्री हातात दिला. बडोद्यात बनलेला, १२० चा रोल, बारा फोटो. सेटिंग म्हणजे ऊन की ढग, संपला विषय. पुढे याशिका, मग सेकंडहँड पेंटॅक्स के-१०००, मग डिजिटल, आता खिशातला फोन. पन्नास वर्षं झाली, हात अजून शिवशिवतात.

तर माझं मत, शिव्या खायची तयारी ठेवून: मजा तसूभरही कमी झालेली नाही, वाढलीच आहे. "आमच्या वेळी एकेक फोटो विचार करून काढायचो" हे निम्मं थोतांड आहे. विचार कसला, पैसे मोजत होतो! माझ्याकडे आईचे त्या दहा-बारा वर्षांतले फोटो किती, तर नऊ. त्यातले सहा कुणाच्या तरी लग्नातले, पदर सावरत अवघडून उभी. स्वयंपाकघरातला एकही नाही, कारण तिथे ना ऊन ना ढग, आणि फ्लॅशगन घरात नव्हती. परवा फोनवर बायकोचा पोळ्या लाटतानाचा फोटो काढला, खिडकीतून येईल तेवढ्या उजेडात. कपाळावरचं पीठसुद्धा दिसतंय. असा आईचा एक असता तर?

बोला मंडळी.

लालदिवा:
साफ असहमत. अण्णा, तुम्ही बटण दाबण्यालाच फोटोग्राफी म्हणताय.

आमची डार्करूम म्हणजे सोलापुरातलं न्हाणीघर. दाराच्या फटीवर घोंगडी, आत लाल बल्ब. डेव्हलपर, म्हणजे कागदावर चित्र उमटवणारं रसायन, २० अंशांला हवा आणि मे महिन्यात नळाचं पाणी हात पोळेल असं. मग बर्फ आणायचा, परातीत घालायचा आणि त्यात ट्रे ठेवायचा. बर्फ थेट डेव्हलपरमध्ये टाकायचा नाही, पातळ होतो (हे एक अख्खं पाकीट वाया घालवून शिकलो). कागद सोडला की काही क्षण कोराच. मग आधी केस उमटतात, मग भुवया, बुबुळं. गाल सगळ्यांत शेवटी. माणूस पाण्यातून वर यावा तसा. मग हायपोत, म्हणजे चित्र पक्कं करणाऱ्या रसायनात. फोनवर हे दाखवा, लगेच पार्टी बदलतो.

तालुका_स्टुडिओ:
दोघंही हौशी, म्हणून गोड बोलताय. आम्ही पोटासाठी केलं. ३६ च्या रोलमधून नीट लोड केलं तर ३८ निघायचे, ते दोन आमचे. आणि एकदा फिल्मची जीभ स्प्रॉकेटवर, म्हणजे फिल्म ओढणाऱ्या दातेरी चाकावर, बसलीच नाही. अंतरपाटापासून सप्तपदीपर्यंत मी खटाखट काढतोय आणि आत रोल जागचा हललेला नाही! रिवाइंडचा नॉब फिरत नव्हता, तिकडे बघायला हवं होतं. मुलीच्या वडलांपुढे कसा उभा राहिलो ते माझं मला माहीत. डिजिटल आलं तेव्हा नारळ फोडला होता. त्याच डिजिटलने पुढे पासपोर्ट फोटो सोडून सगळा धंदा खाल्ला, ते वेगळं.

छत्तीस_फ्रेम:
मी २४ वर्षांची आहे आणि रोल वापरते, म्हणजे तरुणपणाच्या आठवणींचा मुद्दा मला लागू नाही 😀 रोल, धुलाई, स्कॅन मिळून हजाराच्या वर जातात. तरी काढते, कारण काढल्यावर लगेच बघता येत नाही. समोरची मैत्रीणही "दाखव, डिलीट कर" म्हणत नाही.

अण्णाकाका, पोळ्यांचा फोटो तुम्ही काढला की फोनने? तो एका दाबात अनेक फ्रेम घेऊन जोडतो, सावली उचलतो, त्वचा गुळगुळीत करतो. २०२३ मध्ये फोनवरच्या चंद्राच्या फोटोंवरून केवढा गदारोळ झाला, की लेन्सला न दिसलेले बारकावे सॉफ्टवेअरच भरतंय.

क्लिकवाले_अण्णा:
बाळा, भेसळ जुनीच आहे. आमच्या वेळी सावळी मुलगी स्टुडिओतून गोरी होऊन यायची, गाल ब्रशने रंगवलेले असायचे.

बुडाखाली_ट्रायपॉड:
भारताच्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला आठवा. मोठा स्पीड ग्राफिक वापरला, रोलायफ्लेक्स वापरला, यंत्र बदलल्याची तक्रार नाही. पण १९७० च्या सुमारास काम थांबवलं ते कायमचं, कारण नव्या छायाचित्रकारांचं वागणं पटेना. २०१२ मध्ये गेल्या, म्हणजे चाळीस वर्षं कॅमेऱ्याविना. मजा जाते ती आजूबाजूच्या माणसांमुळे. हल्ली लग्नात वधूवरांच्या आधी ड्रोन दिसतो.

लालदिवा:
हे मान्य. ड्रोनवर वेगळा धागा काढा, मला खूप बोलायचंय.

अण्णा, त्या नऊ फोटोंच्या निगेटिव्ह आहेत का? क्लिक थ्रीची निगेटिव्ह जवळजवळ सहा सेंटिमीटर चौरस. लग्नाच्या ग्रुपमध्ये कडेला उभी असलेली आईसुद्धा एकटी मोठी करता येईल. लेन्स साधी होती, कडेला थोडं मऊ येईल, पण चेहरा येईल.

क्लिकवाले_अण्णा:
आहेत. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. पण एकमेकींना चिकटल्यात, पावसाळ्यात बुरशी आली. एक ओढून बघितली तर कोपरा सोलला गेला, म्हणून सोडून दिलं.

लालदिवा:
ओढू नका! स्वच्छ पाण्यात भिजवल्या की बहुतेक हळूहळू सुटतात, पण बुरशी लागली की निगेटिव्हवरचा जिलेटिनचा थर (चित्र त्यातच असतं) पाण्यात विरघळूही शकतो, म्हणून आधी एकच घालून बघा. पाणी गार हवं, नाहीतर जिलेटिन मऊ पडेल. आणि बर्फ परातीत.