मदत हवी आहे: आईची सांधेदुखी, मानेचा एमआरआय आणि नसांची एनसीव्ही झाली, आता स्नायूंची ईएमजी करावी की आधी संधिवाताचे डॉक्टर? (नागपूर)

नमस्कार मंडळी,

आई ५६ वर्षांची. महाल भागात घरीच शिवणकाम करते, ब्लाऊज आणि पिको-फॉल. सप्टेंबर २०२४ मध्ये नागपुरात चिकुनगुन्याची साथ होती तेव्हा तिलाही ताप आला, तपासणी पॉझिटिव्ह निघाली. ताप चार दिवसांत उतरला, पण सांधे तेव्हा धरले ते धरलेच. दोन्ही मनगटं, बोटांची मुळं, घोटे. सकाळी तास-दीड तास मूठ वळत नाही. दुधाचं पातेलं दोन्ही तळव्यांत दाबून उचलते. गेल्या जूनपासून उजव्या अंगठ्याला आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या यायला लागल्या. रात्री अडीच-तीनला उठून हात झटकत बसते. कामावर निघायच्या आधी मी तिला दहा-बारा सुयांत दोरा ओवून देते, दिवसभर त्या पुरतात.

मुंग्यांसाठी आम्ही हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो आणि तिथून तपासण्यांची रांग लागली. हातांचा एक्स-रे ठीक. शुगर, थायरॉईड, बी-१२ ठीक. आरए फॅक्टर, म्हणजे आमवातासाठीची रक्ततपासणी, निगेटिव्ह. अंगात सूज असली की वाढतात त्या रक्ततपासण्यांपैकी ईएसआर ४८ आला आणि सीआरपीही वाढलेला, पण त्यावर कोणी थांबून बोललं नाही. मानेचा एमआरआय सांगितला.

एमआरआयच्या आधी अंगावरचं सगळं धातूचं काढायचं होतं. मंगळसूत्र, जोडवी निघाली, अंगठी मात्र सुजलेल्या सांध्यावरून सरकेना. तिथल्या ताई कापूया म्हणाल्या. आईनं पर्समधून रीळ काढलं, दोऱ्याचं एक टोक अंगठीखालून घातलं, उरलेला दोरा बोटाच्या सांध्यावर घट्ट गुंडाळला आणि खालचं टोक हळूहळू उलगडत अंगठी बाहेर आणली. बोट पांढरं पडलं होतं. मग अर्धा तास त्या ठकठक आवाजात न हलता पडून राहिली. रिपोर्टमध्ये मानेच्या सी५-सी६ मणक्यांमधली चकती किंचित बाहेर आलेली दिसली. या वयात असं बऱ्याच जणांच्या मानेत दिसतं, काही त्रास नसलेल्यांच्याही, असं डॉक्टरांनी स्वतःच सांगितलं.

त्यानंतर एनसीव्ही, म्हणजे नसेवर बारीक झटके देऊन तिचा वेग मोजतात ती. ज्यांची व्हायची आहे त्यांच्यासाठी लिहिते: त्या दिवशी हाताला तेल, क्रीम, बाम लावू नका. आईनं सवयीनं बाम चोळला होता, साबणानं दोनदा धुवावा लागला. आणि हात गरम ठेवा. थंडीत हात गार असले की नसेचा वेग कमी मोजला जातो, म्हणून त्यांनी तिला दहा मिनिटं कोमट पाण्यात हात बुडवून बसवलं. झटका बसला की अंगठा आपोआप उडतो. दुखतं, पण सहन होतं. रिपोर्ट: उजव्या मनगटापाशी मीडियन नस दबलेली, मध्यम प्रमाणात. कार्पल टनेल.

आता एक डॉक्टर म्हणतात मनगटाचं छोटं ऑपरेशन करून टाका. दुसरे म्हणतात आधी ईएमजी करू, सुई टोचून स्नायू तपासू, म्हणजे मुंग्या मानेतून येतात की मनगटातून ते कळेल. आई मात्र चिडली आहे. "दुखून राहिले सांधे, अन् हे नसा तपासून राहिले. सूज कोणी हात लावून पाहिली का?"

मला तिचं पटतं. सूज आधी आली, मुंग्या नऊ महिन्यांनी. मनगटाचा सांधा सुजला की त्या अरुंद जागेत नस दबू शकते, हे आता मला वाचून माहीत आहे. मग सूज तशीच ठेवून नस मोकळी करण्यात काय अर्थ? चिकुनगुन्यानंतर काहींचे सांधे महिनोन्‌महिने दुखतात, आणि काहींना त्यानंतर आमवातासारखं दुखणं लागतं. आरए फॅक्टर निगेटिव्ह असला तरी आमवात नाहीच असं म्हणता येत नाही, आणि सुरुवातीला एक्स-रेही ठीक येऊ शकतो. आमवातासाठीची दुसरी रक्ततपासणी, अँटी-सीसीपी, अजून केलेलीच नाही.

तर विचारायचं हे: कोणाला चिकुनगुन्यानंतर सांधे आणि मुंग्या दोन्ही झाल्यात का? सांध्याच्या सुजेवर औषध सुरू झाल्यावर मुंग्या कमी झाल्या का? ऑपरेशन केलं असेल तर मशीनवर परत कधी बसता आलं? लगीनसराईची कामं तिनं घेऊन ठेवली आहेत आणि ती परत करायला तयार नाही. ईएमजीची सुई एनसीव्हीच्या झटक्यापेक्षा जास्त दुखते का, तेही सांगा. तिला त्याचीच भीती आहे.

भर: लगेच उत्तरं दिलीत, मनापासून आभार. दोघांनी मनगटाच्या सोनोग्राफीचं सुचवलं. सांध्याच्या आतल्या आवरणाची सूज त्यात दिसते, हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. अंगठ्याच्या मुळाचा स्नायू बारीक झालाय का, असं एका ताईंनी विचारलं होतं. काल दोन्ही तळवे दिव्याखाली शेजारी ठेवून पाहिले. उजव्याचा उंचवटा डाव्यापेक्षा सपाट वाटतो. तसं असेल तर नसेचंही फार लांबवता येणार नाही, हे कळतंय, आणि म्हणूनच घाई आहे. रामदासपेठेत संधिवाताच्या डॉक्टरांची तारीख मिळाली, पण तीन आठवड्यांनंतरची. मेडिकलमध्ये (सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल) किंवा मिहानच्या एम्समध्ये संधिवाताची वेगळी ओपीडी कोणत्या दिवशी असते, आणि नंबर लावायला सकाळी किती वाजता पोचावं लागतं? अलीकडे जाऊन आलेल्या कोणी सांगितलं तर मी याच आठवड्यात सुट्टी टाकते.