घड्याळ नेमकं कधी सुरू करायचं?

गोठवून वाळवलेलं औषध पाण्यात पूर्ण विरघळायला किती वेळ लागतो, हे मोजताना दोन विश्लेषकांचे आकडे जुळत नाहीत म्हणून कॅमेरा लावा, असं एकानं सुचवलंय. कॅमेऱ्याला माझा विरोध नाही, पण निम्मी तफावत घड्याळ सुरू करतानाच होते. वेर्ण्याच्या एका प्रयोगशाळेत मी आणि माझ्या एका सहकारिणीनं एकाच बॅचच्या व्हायल (औषधाच्या छोट्या काचेच्या बाटल्या) तपासल्या. ती पाणी सोडायला लागताच स्टॉपवॉच दाबायची, मी सुई बाहेर काढल्यावर! व्हायल निर्वातात बंद केलेली असेल तर पाणी आपसूक आत ओढलं जातं. नायट्रोजन भरलेला असेल तर हळूहळू ढकलावं लागतं, आणि तिथेच कित्येक सेकंद जातात. पाण्याचं तापमान, धार काचेवर की थेट केकवर (वाळलेल्या औषधाच्या थरावर), व्हायल कशी फिरवायची, हे सगळं लिहून ठरवलं तेव्हा कुठे आकडे जवळ आले.

शेवट, म्हणजे सगळं विरघळलं तो क्षण, ठरवणं मात्र खरंच अवघड, विशेषतः जास्त सांद्रतेच्या प्रथिनांत. फेस आणि बारीक बुडबुडे न विरघळलेल्या कणांसारखेच दिसतात, कॅमेऱ्यालाही फसवतात. द्रावणात पुरेसे क्षार असतील तर विद्युतवाहकता स्थिर होईपर्यंतचा वेळ घेऊन बघा. नुसत्या साखरेच्या केकमध्ये हा उपाय चालत नाही, तिथे गढूळपणा मोजलेला बरा.