मदत हवी आहे: जाड हाडाचा नमुना कोल्हापुरात कुठे बघायला मिळेल?

मंडळी, लेकीचा आठवीचा विज्ञान प्रकल्प आहे, आणि बाईसाहेबांनी विषय निवडलाय जाड हाडांचा. जम्मूकडच्या कालाकोटला सापडलेला इंडोहायस, साधारण ४.८ कोटी वर्षांपूर्वीचा, मांजराएवढा खुरवाला प्राणी. कानाच्या हाडावरून तो देवमाशाचा नातलग ठरला. पायाच्या हाडांची भिंत मात्र जाड, पोकळी अरुंद. म्हणजे पाण्यात तरंगून न जाता तळाशी चालायला वजन.

रविवारी मटणातली नळी रश्शात जाण्याआधी करवतीनं आडवी कापून दाखवली (घरात शिव्या खाल्ल्या). पातळ भिंत, आत गच्च मज्जा. लगेच प्रश्न, "बाबा, मग पंचगंगेत डुंबणाऱ्या म्हशींचं हाड कसं असतं?" मी गप्प!

शिवाय होमो इरेक्टस या आदिमानवाची कवटी आपल्यापेक्षा जाड. ती काही पाण्यासाठी नव्हे. डोक्यावरचा मार झेलायला की आणखी कशानं, यावर वाद आहे. हे आठवीच्या पोरांना कसं सांगायचं?

शिवाजी विद्यापीठात प्राणिशास्त्राचं कोणी ओळखीचं आहे का? किंवा म्हशीच्या हाडाचा स्वच्छ केलेला आडवा छेद कुणाकडे? पुढच्या शुक्रवारी प्रकल्प द्यायचाय.