मदत हवी: बंद शाळेत वृद्धांसाठी दिवसाचं केंद्र, रॅम्प कुठून काढावा?

नमस्कार मंडळी. वाळपईजवळच्या आमच्या गावातली प्राथमिक शाळा पट नसल्यामुळे बंद पडली आहे. पोरं-सुना सकाळच्या कदंब बसनं फोंड्याला, पणजीला जातात आणि दिवेलागणीला परततात. मधल्या वेळात म्हातारी माणसं घरात एकटीच. त्यांनी शाळेत यावं, जेवावं, बीपी-शुगर बघून घ्यावी, गप्पा माराव्यात आणि संध्याकाळी घरी जावं, एवढाच बेत आहे. जागेचे कागद पंचायत बघते आहे. मी फक्त समितीत आहे, आर्किटेक्ट नाही.

इमारत चिऱ्यांची, म्हणजे जांभ्या दगडाची. दोन वर्ग, पुढे लांब ओसरी, वर मंगळुरी कौलं. जोतं ७५ सेंमी. आमच्याकडे वर्षाला ३००० मिमीच्या वर पाऊस, त्यामुळे ते उंचच हवं. पण १:१२ उतार (एक मीटर चढायला बारा मीटर लांबी) धरला की रॅम्प ९ मीटरचा होतो, शिवाय दम खायला मध्ये सपाट जागा. ठेकेदार म्हणतो, मागच्या दारी साडेचार मीटरांत बसवतो. म्हणजे १:६! व्हीलचेअर राहू दे, काठी टेकत चालणारासुद्धा तिथं घसरेल. आणि मागून का म्हणून? चालते-फिरते पुढून येणार आणि ज्याचे पाय गेले त्यानं मोरीकडून यायचं, हे मला पटत नाही. ओसरीला लागून, वर छप्पर घेऊन रॅम्प जमेल का? उघड्यावर शेवाळ धरतं.

दुसरं, माकडं कौलं फोडतात म्हणून सगळे पत्रा घाला म्हणतात. आषाढात पत्र्याखाली धडधाकट कानांनाही काही ऐकू येत नाही, मग आमच्या आजोबांनी काय करायचं?

तिसरं, संडास मैदानाच्या पार टोकाला आहे. तो वर्गातच काढला तर चिऱ्यांना ओल लागेल का?

प्रतिसाद १
खाली पत्रा, त्यावर रिपा (लाकडी पट्ट्या) मारून कौलं. आवाज दबतो, कौल फुटलं तरी गळत नाही. वजन मात्र वाढतं, आधी वासे तपासून घ्या.

प्रतिसाद २
रॅम्प ओसरीसमोर वळवून घ्या, वळणावर दीड मीटरची सपाट जागा, दोन्ही बाजूंना कठडा. पायऱ्या काढून टाकू नका. गुडघे दुखणाऱ्या पुष्कळांना उतारापेक्षा कमी उंचीच्या पायऱ्या बऱ्या वाटतात. संडास वर्गात नको. ओसरीच्या टोकाला स्वतंत्र भिंती घेऊन बांधा, दार ९० सेंमी आणि बाहेर उघडणारं, म्हणजे आत कुणी पडलं तरी उघडता येतं. विहीर कुठे आहे?

धागाकर्ता
विहीर शाळेच्या मागेच आहे हो. म्हणजे संडासाचा शोषखड्डा विहिरीपासून लांब, पुढच्या अंगाला, आणि रॅम्पही तिथंच. दोन्ही मावतात का ते टेप लावून बघतो, मग नकाशा टाकतो.