होस्ट आईला हाक काय मारायची? (विद्यार्थी एक्स्चेंजला, म्हणजे वर्षभर परदेशातल्या घरी राहून शिकायला गेलेल्यांनी लिहा)

गंजगोलाई: दिवाळीची आवराआवर चालूय. माळ्यावरच्या ट्रंकेत रोटरीचा ब्लेझर सापडला, पिनांनी भरलेला. पोरगी विचारते, बाबा तुम्ही बँडमध्ये होतात का? 😀

२००३. दहावी झाली आणि मी लातूर सोडून वर्षभरासाठी हानोवरजवळच्या एका गावात. इथं सगळी गल्ली अकरावी सायन्सच्या मागं. लोक बाहेरगावाहून खोल्या करून लातूर पॅटर्नसाठी येतात आणि ह्यांचं पोरगं जर्मनीला चाललंय! काका सहा महिने बाबांशी नीट बोलले नाहीत. नियमांचा कागद आला: दारू, ड्रग्ज, गाडी चालवणं, प्रेमप्रकरण, चारही बंद. आजी म्हणली, हे तर आपल्याच घरचे नियम की.

पहिल्या संध्याकाळी तिथं गॅस पेटलाच नाही. टेबलावर पाव, चीज, काकडी, सगळं गार, आणि सगळे गपगप खायलेत. मला वाटलं ह्यांच्यात कुणीतरी गेलंय. घरात चूल पेटली नाही, याचा आपल्याकडं दुसरा अर्थच नाही. दोन दिवस मी हसलो पण नाही. तिसऱ्या दिवशी कळलं, रोजचंच आहे. दुपारी गरम, रात्री पाव.

खरी पंचाईत हाक मारायची. होस्ट आई पन्नाशीची, म्हणाली नावानं बोलव. जीभच रेटेना. पंधरा दिवस नुसता खाकरायचो. मग धीर करून 'मावशी' म्हणलो तर होस्ट बाबा जेवता जेवता ठसकले. जर्मनमध्ये 'माऊझी' म्हणजे उंदरुली, नवरा बायकोला लाडानं म्हणतो तसलं. झालं, वर्षभर तेच नाव पडलं.

तुमचं कसं होतं?

गोदाकाठ: मी नांदेडची. येस शिष्यवृत्ती (अमेरिकी सरकारची), २०११, ओहायो. पोचले तेव्हा रमजान चालू, ऑगस्टमध्ये तिकडं सूर्य साडेआठला मावळतो. होस्ट मॉमनं आधीच सगळं वाचून ठेवलेलं. पहाटे साडेचारला गजर लावून गाऊनवर पॅनकेक करायची आणि समोर बसून पेंगायची. मी म्हणायचे झोपा तुम्ही, तर म्हणायची एकटीनं खायचं नसतं. अम्मी पण हेच म्हणते. ईदला तिथं शाळाच. डब्यात चिठ्ठी आणि शेंगदाण्याच्या बटरचं सँडविच. शेंगदाणा तिथं पण सुटला नाही 😂

कळमकर: वर्ष वाया जातं का? पोरगा नववीत आहे. खर्च?

गंजगोलाई: माझं तर गेलं. येऊन अकरावीला एक वर्ष मागच्या पोरांसोबत बसलो. राहणं-खाणं होस्टकडं, तिकीट-विमा-व्हिसा आपला. आणि एकाच घरी वर्ष नसतंय, मला तीन घरं मिळाली. दुसऱ्या घराचं नंतर कधीतरी. किंवा नकोच.

बार्शीरोड: आमच्याकडं उलटं. मेक्सिकोची पोरगी आमच्या घरी राहिली, २०१५-१६, नेमका दुष्काळ. पहिला मराठी शब्द शिकली तो 'टँकर'. एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली ना, पहिल्या खेपेला १० वाघिणी (टाकीचे डबे), तर ही आईला फोनवर सांगू लालती आणि आईला पटेना. रेल्वेनं पाणी? अर्ध्या बादलीत केस धुवायची हो, माझ्या पोरींना जमत नव्हतं. थांबा नळ आला

बार्शीरोड: आले. हां, हाक. मला काकू म्हणायची, पण ह्यांना काका म्हणायची वेळ आली की लाल. त्यांच्या भाषेत काका म्हणजे शी!! शेवटी ह्यांचे अण्णा झाले, ते आजपर्यंत. जाताना स्टीलचा तांब्या मागून नेला.

कळमकर: 😂😂 अण्णांना नमस्कार सांगा

तेरणा: माझं सिलेक्शन झालं होतं. ब्राझील. ब्लेझर पण शिवून झालेला. आत्या म्हणाली, परक्याच्या घरी पोरगी ठेवायची, उद्या सोयरीक कोण करील. बाबा काहीच बोलले नाहीत. ब्लेझर भावानं गॅदरिंगला घातला. नळाचं पाणी किती दिवसांनी येतं हो सध्या तुमच्याकडं?

बार्शीरोड: अगं माय. 🙁 आमच्याकडं आठवड्यानं.

गोदाकाठ: तेरणा, आत्या आता काय म्हणतात?

तेरणा: आत्याची नात कॅनडात आहे. आत्या व्हिडिओ कॉल मलाच लावून मागते.

गोदाकाठ: @गंजगोलाई, माऊझी अजून बोलतात का?

गंजगोलाई: हो. दर वाढदिवसाला मेसेज, खाली सही 'माऊझी'. होस्ट बाबा गेले मागच्या वर्षी. तेव्हा फोनवर परत खाकरायची वेळ आली, काय बोलावं सुचेना.

उदगीरवाला: धागा नीट वाचला नाही. ब्लेझरला डांबरगोळ्या ठेवा, कसर लागते. आणि भाची चाललीय जानेवारीत, शेंगाची चटणी बॅगेत तेल सोडते का?

बार्शीरोड: उखळात कुटलेली सोडते. मिक्सरची कोरडी करा, दोन पिशव्यांत बांधा. येसर मसाला पण द्या.